अंतिम सामन्याआधीचे आठ दिवस

21 डिसेंबर 2017, गुरुवार. सकाळचे साडेनऊ वाजले होते. बाबा अंघोळ करून, स्वेटर घालून, टोपी चढवून ओसरीवर बसले होते, पण बाहेर पडत नव्हते. एरवी त्यांचा परिपाठ ठरलेला. तात्यापाऱ्यातल्या घरातून निघायचं, चालत गोल बाजारात जायचं, सेठजींच्या दुकानापुढच्या बाकड्यावर तास-दीड तास बसायचं आणि येताना भाजी घेऊन यायचं. पाऊस असो, ऊन असो, त्यात खंड नाही.

"आज जायचं नाही का?" मी विचारलं.

"तीन गडी राहिलेत," बाबा म्हणाले.

कोलकात्याला ईडन गार्डन्सवर रणजी करंडकाचा उपांत्य सामना चालू होता. विदर्भ विरुद्ध कर्नाटक. कर्नाटकाला जिंकायला 198 धावा हव्या होत्या आणि आदल्या संध्याकाळी त्यांच्या 7 बाद 111 झाल्या होत्या. म्हणजे 87 धावा हव्यात आणि गडी तीन. कुणीही म्हणेल, सामना विदर्भाच्या खिशात आहे. पण बाबा साठ वर्षं विदर्भाचा संघ पाहत आले होते. त्या खिशाला भोक असतं, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

मी मोबाईलवरचे आकडे वाचून दाखवत होते. विनयकुमार बाद झाला तेव्हा बाबांनी नुसती मान हलवली. मग अभिमन्यू मिथुन आणि श्रेयस गोपाळ यांची जोडी जमली. दीडशे झाले. एकशे सत्तर झाले. एकशे ऐंशी ओलांडले. बाबा उठले, टोपी काढून खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "आता मला काही सांगू नकोस."

मीही गप्प बसले. कर्नाटकाला दहापेक्षा कमी धावा उरल्या असताना रजनीश गुरबानीने मिथुनला बाद केलं, आणि पाठोपाठ शेवटच्या गड्यालाही. विदर्भ पाच धावांनी जिंकला. गुरबानीचे त्या डावात सात बळी. मी काही बोलले नाही, पण माझ्या चेहऱ्यावरून बाबांना कळलं असावं. त्यांनी मोबाईल माझ्या हातातून घेतला, चष्मा वर करून डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ पाहिला आणि परत दिला. मग खुंटीवरची टोपी घातली.

"चल, गोल बाजारात जाऊन येऊ."

आता रायपूरच्या माणसाने विदर्भाच्या संघासाठी एवढं जिवाला का लावून घ्यावं, असं तुम्हाला वाटेल. त्याचं उत्तर नकाशात आहे. बाबांचा जन्म 1944 सालचा, नागपुरातल्या आजोळचा. आजोबा तेव्हाच्या मध्य प्रांत आणि वऱ्हाड सरकारच्या नोकरीत. प्रांताची राजधानी नागपूर आणि आजोबांची नेमणूक रायपूरला. दोन गावांमध्ये तीनशे किलोमीटरच्या आतबाहेर अंतर; मधे दुर्ग, राजनांदगाव, डोंगरगड, गोंदिया. सगळं एकाच प्रांतात. मग 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेररचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, रायपूर नव्या मध्य प्रदेशात राहिलं, आणि आजोबा नोकरीसकट इथेच राहिले. बाबा गमतीने म्हणतात, "मी घर बदललं नाही, राजधान्याच बदलत गेल्या. आधी नागपूर, मग भोपाळ, आणि 2000 सालापासून खुद्द रायपूर."

रेषा आखली गेली तेव्हा बाबा बारा वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी, 1957-58 च्या हंगामात, विदर्भाचा संघ पहिल्यांदा रणजी करंडकात उतरला. सुटीत मामाकडे गेलं की मामा त्यांना सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर घेऊन जायचा. बारा-तेरा वर्षांच्या मुलाचं गाव एका रात्रीत परक्या राज्यात गेलं होतं. 'आपलं' म्हणायला त्याला हा एक संघ सापडला आणि त्याने तो घट्ट धरला.

संघाने मात्र त्या प्रेमाची फारशी परतफेड केली नाही. मध्य विभागात इतरांनी पुढे जावं आणि विदर्भाने हिशेब पूर्ण करावा, असंच वर्षानुवर्षं चाललं. सी. के. नायडू जन्माने नागपूरचे, पण त्यांनी नाव काढलं ते होळकरांच्या संघातून. नागपुरात 1969 पासून कसोटी सामने होऊ लागले, पण विदर्भाचा खेळाडू भारताकडून कसोटी खेळला तो थेट 2011 साली, खापरखेड्याजवळच्या वलनी गावातल्या खाणकामगाराचा मुलगा उमेश यादव. अलीकडच्या काळात संघ एकदोनदा बाद फेरीपर्यंत गेला होता, एवढंच.

या सगळ्या काळात बाबांच्या जोडीला गोल बाजारातलं ते बाकडं होतं. ज्यांनी गोल बाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. मालवीय रोडवरून आत वळलं की एकदम गल्ल्यांचं जाळं लागतं. हळद-कुंकू, कापूर, गुलाल, सुपाऱ्या, नारळ, लग्नाचे मौर, बांबूचे पर्रे आणि बिजने, मसाले, भांडी, बांगड्या. छत्तीसगडातल्या कुठल्याही गावात लग्न ठरलं की घरातल्या बायका इथे एक फेरी मारतातच. सेठजींचं दुकान पूजेच्या सामानाचं. ते मूळचे गुजराती, पण रायपुरातली त्यांची ती तिसरी पिढी. बाबा टपाल खात्यात होते तेव्हापासूनची ही ओळख. दोघांमध्ये एक करार होता. विदर्भ हरला की चहा बाबांकडून, जिंकला की सेठजींकडून. "तुझ्या बाबांनी मला चाळीस वर्षं फुकट चहा पाजला," असं सेठजी मला लहानपणापासून सांगत आले आहेत.

छत्तीसगडचा स्वतःचा संघ 2016-17 पासून रणजीत खेळू लागला, महंमद कैफच्या नेतृत्वाखाली. तेव्हा सेठजी म्हणाले होते, "बाबूजी, अब तो अपना घर का टीम आ गया, उसको छोड़ो." पुढच्या हंगामात छत्तीसगड आणि विदर्भ नेमके एकाच गटात आले. त्या दोघांचा सामना होता त्या चार दिवसांत बाबा बाकड्याकडे फिरकलेच नाहीत. गुडघा दुखतो म्हणाले.

तर त्या गुरुवारी आम्ही दुकानापाशी पोचलो तेव्हा सेठजी गल्ल्यावरून उठून उभे राहिले. चहा तर आलाच, वर जिलेबीही आली. शेजारचा बांगडीवाला, समोरचा मसालेवाला, सगळे जमले. कुणीतरी विचारलं, अंतिम सामना कुणाशी?

"दिल्लीशी," बाबा म्हणाले. आणि का कोण जाणे, माझ्याकडे पाहिलं.

का, ते मला माहीत होतं. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. दादा आणि वहिनी दिल्लीत. मीही तेव्हा नोकरीनिमित्त दिल्लीतच होते. तात्यापाऱ्याच्या घरात बाबा एकटे. कामाला येणारी बाई दुपारी निघून गेली की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत घरात दुसरं माणूस नाही. नोव्हेंबरात बाबा न्हाणीघरात घसरून पडले. मोडलं काही नाही, पण उठून दारापर्यंत यायला त्यांना अर्धा तास लागला. आम्हाला ते कळलं चार दिवसांनी, तेही सेठजींनी फोन केला म्हणून. त्यानंतर दादाने ठरवलं की नाताळच्या सुटीत जायचं आणि बाबांना घेऊनच परतायचं. मी पुढे येऊन त्यांचं मन वळवावं, अशी माझी नेमणूक झाली होती. चार दिवस झाले तरी मी अजून तोंड उघडलं नव्हतं.

दादा, वहिनी आणि त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा रविवारी, 24 तारखेला आले. या मुलाला बाबा 'आमचा दिल्लीकर' म्हणतात, मीही इथे तेच नाव ठेवते. जन्म दिल्लीचा, शाळा दिल्लीची, क्रिकेट शिकतो तेही दिल्लीत. घरात पाऊल टाकल्या टाकल्या तो म्हणाला, "आजोबा, फायनलमध्ये आपण समोरासमोर!"

"हो का?" बाबा म्हणाले. "तुझ्याकडे कोण कोण आहे?"

त्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली. गौतम गंभीर, ऋषभ पंत कर्णधार, नितीश राणा, नवदीप सैनी. दिल्लीने करंडक सात वेळा जिंकलाय. उपांत्य सामन्यात बंगालला एका डावाने हरवलंय. "आणि तुमच्याकडे?"

"फैज फजल," बाबा म्हणाले. "या वर्षी धावांचा डोंगर रचलाय त्याने. वसीम जाफर."

"तो तर मुंबईचा!"

"होता. आता आपला आहे." बाबांना जाफरबद्दल विशेष माया होती. आदल्या हंगामात तो दुखापतीमुळे खेळू शकला नव्हता, म्हणून या हंगामात तो मानधन न घेता खेळत होता. "गुरबानी. इंजिनिअर आहे तो, शिकलेला पोरगा. आणि चंद्रकांत पंडित शिकवायला."

"उमेश यादव?"

बाबा गप्प झाले. उमेश यादव अंतिम सामन्याला नसणार होता.

पैज लागली ती 26 तारखेला, रात्रीच्या जेवणाला. दादाने एकदाचा विषय काढला. अगदी मऊ शब्दांत, पण काढला. दिल्लीच्या घरात एक खोली रिकामी आहे. खाली बाग आहे. हे घर विकायचं नाही, नुसतं कुलूप लावायचं. बाबा ताटाकडे पाहत ऐकत होते. वहिनी भाकरी वाढायला आत गेल्या त्या बाहेरच येईनात. मी आमटी ढवळत राहिले.

तेवढ्यात दिल्लीकर म्हणाला, "आजोबा, पैज लावू या. दिल्ली जिंकली तर तुम्ही आमच्याबरोबर यायचं. नो आर्ग्युमेंट."

"आणि विदर्भ जिंकला तर?"

"तर पप्पा हा विषय काढणार नाहीत."

दादा हसला. मी हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी डावा हात पुढे केला, कारण उजवा उष्टा होता, आणि नातवाच्या हातावर टाळी दिली. "बोललो."

तुम्ही म्हणाल, मुलांचा खेळ. मीही तसंच म्हटलं असतं. पण माझे बाबा पैजेला खेळ समजत नाहीत. ते चाळीस वर्षं चहाचे पैसे देत आले होते.

त्या रात्री अंथरुणावर पडले आणि माझ्या लक्षात आलं की मी पेचात सापडले आहे. लहानपणापासून मी विदर्भाच्या बाजूची. बाबांच्या मांडीवर बसून आकाशवाणी ऐकलेली, नागपूरचं वर्तमानपत्र हातात पडलं की खेळाचं पान आधी उघडणारी. आणि आता साठ वर्षांनी संघ अंतिम सामन्यात पोचला असताना मला मनापासून वाटत होतं की बाबांनी दिल्लीला यावं. न्हाणीघरातला तो अर्धा तास माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. मग मी कुणाच्या बाजूची? विदर्भ जिंकावा असं म्हणताना माझा आवाज मलाच खोटा वाटू लागला.

पुढचे दोन दिवस वर्तमानपत्रं उघडली की दिल्लीच. अनुभव दिल्लीचा, फलंदाजी दिल्लीची, परंपरा दिल्लीची. विदर्भाबद्दल लिहिताना सगळे एकच सूर लावत. इथपर्यंत आले हेच खूप झालं. हे वाक्य वाचलं की बाबांच्या कपाळाला आठी पडे. कौतुक म्हणून लिहिलेलं, पण त्यात हरण्याची सोय आधीच करून ठेवलेली. ते कात्रण काढत आणि बाजूला ठेवत. कुठल्या कात्रणाला ठेवायचं आणि कुठल्याला रद्दीत टाकायचं ते सामना झाल्यावर ठरणार होतं.

28 तारखेला, सामन्याच्या आदल्या दिवशी, आम्ही सगळे गोल बाजारात गेलो. वहिनींना संक्रांतीच्या हळदी-कुंकवासाठी वाण घ्यायचं होतं. दिल्लीत बायका जमवायच्या म्हणजे चाळीस तरी वाट्या हव्यात, आणि तिथल्यापेक्षा इथे निम्म्या किमतीत मिळतात असं त्यांचं म्हणणं. भांड्यांच्या गल्लीत त्यांची घासाघीस रंगात आली तेव्हा बाबा, मी आणि दिल्लीकर बाकड्यावर येऊन बसलो.

सेठजींनी मुलाच्या हातावर बत्तासे ठेवले आणि बाबांना विचारलं, "बाबूजी, गुलाल अलग निकाल के रख दूँ? एक तारीख को भीड़ हो गई तो मिलेगा नहीं."

बाबा एकदम चिडले. मी त्यांना बाजारात कधी आवाज चढवताना पाहिलं नव्हतं. "काही काढून ठेवू नका! अजून नाणेफेक व्हायची आहे!"

हे ते मराठीतच बोलले. सेठजींना मराठी चांगलं कळतं. ते काही बोलले नाहीत, पुढे केलेलं पुडकं त्यांनी पुन्हा फळीवर ठेवलं. मग गल्ल्यामागून बाहेर येऊन बाबांच्या शेजारी बसले आणि दिल्लीकराला एक गोष्ट सांगू लागले. रायपूर मध्य प्रदेशात होतं तेव्हाची. 1999 साली मध्य प्रदेश रणजीच्या अंतिम सामन्यात पोचला. बंगळूरला, कर्नाटकाविरुद्ध. पहिल्या डावात आघाडीही घेतली. त्या वेळी सेठजींनी याच दुकानात पेढ्यांची खोकी आणून ठेवली होती. शेवटच्या दिवशी संघ कोसळला. "पेढ़ा दो दिन पड़ा रहा. खाने का मन ही नहीं हुआ किसी का." आणि त्या संघाचा कर्णधार कोण होता? चंद्रकांत पंडित. तोच आता विदर्भाला शिकवत होता.

"आदमी एक बार फाइनल हारा हुआ है," सेठजी बाबांना म्हणाले. "वो गुलाल पहले नहीं निकालेगा. गलती मेरी है."

चाळीस वर्षांत सेठजींनी बाबांची चूक दाखवली नाही असा एक सामना नव्हता. त्या दिवशी ते थट्टा करत नव्हते. बाबा नरमले. चहा सांगितला. सामना अजून झालाच नव्हता, तेव्हा पैसे कुणी द्यायचे यावर थोडी बोलाचाली झाली आणि शेवटी दोघांनी अर्धे अर्धे दिले.

संध्याकाळी अंगणात शेगडी पेटवून बसलो होतो. दादा मुलाला घेऊन आत टीव्ही नीट लागतो का ते पाहत होता. मी बाबांना एका वेगळ्याच संघाची हकीकत सांगितली. त्याच वर्षी कामाच्या निमित्ताने माझ्या वाचनात आलेली. आयर्लंडमध्ये गेलिक फुटबॉल म्हणून खेळ आहे. चेंडू हातानेही खेळतात, पायानेही. एका बाजूला पंधरा खेळाडू. आपल्याकडे जिल्हे तसे तिकडे परगणे, आणि प्रत्येक परगण्याचा एक संघ. पैसे घेऊन कुणी खेळत नाही. ज्या परगण्याचे तुम्ही, सहसा त्याचसाठी खेळायचं. पश्चिमेला मेयो म्हणून एक परगणा आहे, पोटापाण्यासाठी ज्याची माणसं पिढ्यान्‌पिढ्या बाहेर गेलेली. त्या मेयोने अखिल आयर्लंड करंडक जिंकला 1951 साली. त्यानंतर किती वेळा अंतिम सामन्यात पोचले आणि प्रत्येक वेळी हरले. तिथे अशी वदंता आहे की 1951 चा विजयी संघ मिरवत येताना वाटेत एक अंत्ययात्रा लागली, आणि ते थांबले नाहीत, म्हणून शाप लागला. 2017 च्या सप्टेंबरमध्ये ते पुन्हा पोचले, डब्लिनसारख्या बलाढ्य संघाविरुद्ध, ऐंशी हजारांवर प्रेक्षकांसमोर. एका गुणाने हरले.

"एका?" बाबा म्हणाले.

"एका."

ते निखारे सारखे करत राहिले. "मग ते लोक पुढच्या वर्षी परत जातात का मैदानावर?"

"जातात की."

"हं." थोडा वेळ गेला. "मला हरायची भीती नाही वाटत गं. हरल्यावर काय करायचं ते मला पाठ आहे. चहा सांगायचा. जिंकलो तर काय करायचं, ते मात्र कळत नाही."

त्या क्षणी मी सांगून टाकलं. विदर्भ जिंकावा असं मला पूर्ण मनाने म्हणता येत नाही, आणि का, तेही. मला वाटलं त्यांना वाईट वाटेल. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"माहीत आहे," म्हणाले. "आल्यापासून तू मला एकदाही गुरबानीबद्दल विचारलं नाहीस."

दुसऱ्या दिवशी, 29 डिसेंबरला, इंदूरच्या होळकर स्टेडियमवर सामना सुरू झाला. सी. के. नायडू ज्या होळकरांच्या नावाने मोठे झाले, त्यांच्याच नावाचं मैदान. फैज फजलने नाणेफेक जिंकून दिल्लीला फलंदाजी दिली तेव्हा बाबांनी कपाळाला हात लावला. अकोल्याचा आदित्य ठाकरे नावाचा नवखा पोरगा पहिलाच रणजी सामना खेळतोय, आणि तोही अंतिम सामना, हे कळल्यावर दुसराही हात लावला. त्यानंतरचं सगळं तुम्ही वाचलेलं असेल. ध्रुव शोरेने 145 केल्या, दिल्ली भक्कम दिसत होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुरबानीने लागोपाठच्या तीन चेंडूंवर तिघांचे त्रिफळे उडवले. दिल्ली 295. रणजीच्या अंतिम सामन्यातली ती दुसरीच हॅट्‌ट्रिक. पहिली तामिळनाडूच्या कल्याणसुंदरमची, 1972-73 च्या हंगामातली. मग अक्षय वाडकरने आपलं पहिलं शतक ठोकलं, 133 धावा. आदित्य सरवटे आणि सिद्धेश नेरळ यांनी खालच्या फळीत येऊन दिल्लीच्या गोलंदाजांना दमवलं. विदर्भ 547. दिल्ली दुसऱ्या डावात 280. जिंकायला 29 धावा, आणि 1 जानेवारी 2018 च्या दुपारी विजयी धावा निघाल्या जाफरच्या बॅटमधून. नऊ गडी राखून.

या चार दिवसांत बाबा आणि नातू एकाच चटईवर बसून होते. हॅट्‌ट्रिक झाली तेव्हा मी ओरडले. स्वतःच्या नकळत, अगदी स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल असं. सगळा पेच, सगळा हिशेब त्या एका क्षणी कुठे गेला, ते मला आजही सांगता येणार नाही.

जिंकल्यावर बाबा गोल बाजारात गेलेच नाहीत. सेठजी स्वतः आले, दुकान मुलावर सोपवून, गुलालाचं पुडकं घेऊन. घरात सांडू नये म्हणून अंगणातच एकमेकांच्या कपाळाला लावला. दोघंही म्हातारे, दोघांनाही काय बोलावं सुचेना.

रात्री मी पाणी प्यायला उठले तर दिल्लीकर पांघरुणात रडत होता. मी त्याला म्हटलं, "अरे, खेळात असं होतंच. दिल्ली पुढच्या वर्षी जिंकेल."

"दिल्लीचं जाऊ दे ना, आत्या," तो हुंदके देत म्हणाला. "आता आजोबा कधीच येणार नाहीत."

बाबा दारात उभे होते. कधी आले होते ते कळलं नाही. ते आत आले आणि त्याच्या उशाशी बसले. "पैज काय होती? नीट सांग."

"विदर्भ जिंकला तर पप्पा विषय काढणार नाहीत."

"बरोबर. पप्पा काढणार नाहीत. मी काढू नये, असं कुठे ठरलं होतं?"

फेब्रुवारीत बाबा दिल्लीला गेले. रामनवमीला परत आले. घराला कुलूप लागलं ते तेवढ्याच दिवसांपुरतं, आणि किल्ली सेठजींकडे. तेव्हापासून दर वर्षी तसंच. न्हाणीघरात आता दोन्ही भिंतींना धरायला दांडे बसवले आहेत, रात्री सोबतीला एक कॉलेजचा मुलगा राहतो. हा तोडगा आधी का सुचला नाही, असं दादा अजून म्हणतो. मला विचाराल तर, बाबा हरले असते तर गेले असते, पण मग परत आले नसते.

विदर्भ पुढच्याच हंगामात पुन्हा जिंकला, सौराष्ट्राला हरवून. 2024 मध्ये मुंबईकडून हरला. 2025 च्या अंतिम सामन्यात समोर केरळ होतं, त्यांच्या इतिहासात पहिल्यांदाच तिथवर पोचलेलं. सामना नागपूरला जामठ्याच्या मैदानावर. या वेळी वर्तमानपत्रं विदर्भाबद्दल अनुभव, परंपरा असं लिहीत होती, आणि केरळबद्दल, इथपर्यंत आले हेच खूप झालं. सामना अनिर्णित राहिला, पहिल्या डावात 37 धावांची आघाडी होती म्हणून करंडक विदर्भाला मिळाला. केरळचा कर्णधार सचिन बेबी 98 वर बाद झाला होता. तो टिकला असता तर काय झालं असतं, सांगता येत नाही.

त्या संध्याकाळी मी बाबांना फोन केला. एक्याऐंशी वर्षांचे बाबा बाकड्यावर होते. दुकानात आता सेठजींचा मुलगा बसतो, सेठजी बाबांच्या शेजारी.

"चहा झाला का मग सेठजींकडून?" मी विचारलं.

"झाला. पैसे मी दिले."

"तुम्ही का? जिंकलो ना आपण?"

"जिंकलो गं," बाबा म्हणाले. "पण तो बेबी अठ्ठ्याण्णववर गेला."